पहिला डोळा

पूर्वी कुमुदपूर नगरात दृढसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व एका रत्नपारख्याच्या घरी जन्माला आले होते. त्यांचे नाव सोमिल. खडा उजेडाकडे धरून ते खरा की खोटा सांगत, आणि त्यांच्या शब्दावर राजाचा खजिनदारही विसंबून असे. पण म्हातारपण कुणाला चुकले आहे? सोमिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आधी खड्यातला डाग दिसेना, मग खडा दिसेना, आणि शेवटी ताटात कोणती भाजी आहे तेही पत्नीला, तिष्येला, विचारावे लागू लागले.

त्याच नगरात रोहक नावाचे नेत्रवैद्य राहत. बारीक सळईने मोतीबिंदू बाजूला सारून ते माणसाची दृष्टी परत आणीत. दूरच्या गावांहून लोक येत आणि त्यांच्या घराशेजारच्या धर्मशाळेत उतरत. रोहकांच्या मुलाला रक्त बघून भोवळ येई, म्हणून तो शेतीत रमला. विद्या घेतली ती सुनेने, अनुलेने. तिने औषधे खलली, पट्ट्या बांधल्या, सासऱ्यांनी सांगितलेले सगळे तोंडपाठ केले. पिकल्या जांभळांवर आणि खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर हातही बसवला. पण रोगी समोर बसला की रोहक म्हणत, "आण ती सळई इकडे. माणसाचा डोळा आहे, जांभूळ नव्हे."

माणूस प्रेमळ, सुनेला लेकीसारखे वागवणारा. पण सळई काही त्यांच्या हातून सुटत नव्हती. अशी वर्षे गेली आणि रोहकांचा हातच थरथरू लागला. वाटी तोंडाशी नेताना निम्मी पेज अंगावर सांडे.

आता आली पंचाईत. धर्मशाळा तर भरलेली. अनुला म्हणाली, "मी करते." पण डोळा द्यायला एकही माणूस तयार होईना. तिथे सोमा नावाची एक कोष्टीण होती. ती हात जोडून म्हणाली, "तू शिकलीस ते खरं गं बाई. पण आधी दुसऱ्या कुणाचा डोळा कर, मग माझ्याकडे ये." शेजारच्याने तेच सांगितले, त्याच्या शेजारच्यानेही तेच. पाणवठ्यावर बायकांचा निराळा सूर. "सासऱ्याचा हात तो हात. सुनेच्या हातात पळीच शोभते."

तसे पाहिले तर सोमाचे काय चुकले? आपला डोळा आपल्याला प्यारा. पण सगळ्यांनीच दुसऱ्याकडे बोट दाखवले तर हात तयार व्हायचा कधी?

इकडे राजाने सोमिलांना निरोप धाडला. विदेह देशाच्या राजवैद्याला पालखी पाठवून आणतो, काळजी करू नका.

सोमिलांनी दूताला विचारले, "ते धर्मशाळेतल्या लोकांचे डोळे करतील का?"

दूत हसला. "राजवैद्य आहेत ते, श्रेष्ठी. तुमच्यासाठी येतील, तुमचं झालं की जातील."

सोमिल म्हणाले, "महाराजांना माझा नमस्कार सांगा. पालखी नको. मी रोहकांच्या सुनेकडून करून घेईन."

दूत गेला आणि तिष्येने हातातले सूप खाली आपटले. "अहो, शुद्धीवर आहात ना? पहिली पोळी गाईला घालतात, तसा पहिला डोळा त्या अनुलेला घालताय होय?"

"मी पारखी कसा झालो ते आठव," सोमिल शांतपणे म्हणाले. "लहान असताना मी काच पाचू समजून पाचूच्या भावात घेतली. वडील शेजारी बसून बघत होते. त्यांनी हात धरला नाही. माझ्या शिकण्याची झळ त्यांनी सोसली, म्हणून मी झालो. हिची झळ कुणी सोसायची? धर्मशाळेतल्या गरिबाने?"

"डोळा गेला तर?"

"दुसरा आहे."

तिष्येने कपाळाला हात लावला, पण त्यांच्याबरोबर ती गेली.

अनुलेने त्यांना सकाळच्या उजेडात बसवले. "नाकाच्या शेंड्याकडे बघा," म्हणाली. रोहक बाजूला हात मांडीखाली दाबून बसले. सळई बुबुळाच्या बाजूने पांढऱ्यात शिरली. क्षणभर सगळे ठीक होते. मग अनुला दचकली आणि तिने सळई मागे ओढली. डोळ्यात रक्त भरले. पट्टी सुटली तेव्हा त्या डोळ्यात उजेडाचा कवडसाही उरला नव्हता.

नगरात काय बोलणे झाले ते सांगायला नको. "आम्ही म्हटलंच होतं" हे वाक्य घरोघर फिरले. सोमा कोष्टीण गावाकडे परतायला बोचके बांधू लागली. अनुलेने सळई कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि ती स्वयंपाकघराबाहेर दिसेनाशी झाली. राजाचा दूत पुन्हा आला. "श्रेष्ठी, आता तरी पालखी पाठवू?"

"नको," सोमिल म्हणाले आणि तिष्येचा हात धरून पुन्हा रोहकांच्या अंगणात गेले.

अनुला दाराआड उभी राहिली. "श्रेष्ठी, तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा नाही."

"मला कुठे दिसतंय, बाई?" सोमिल म्हणाले. "ये बाहेर."

तिला रडता रडता हसू आले. ती येऊन बसली. सोमिलांनी विचारले, "काय झालं तेव्हा? दोष देत नाही. तुझ्या हाताला काय कळलं तेवढं सांग."

अनुला आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "सळई आत गेली ना, की थोडं जोरानं रेटावं लागतं. आणि मग एकदम सैल होतं. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. मला वाटलं, मी काहीतरी फाडलं. म्हणून ओढली. आता कळतं, फाटलं ते ओढल्यामुळे. तिथं थांबून राहायचं होतं. बकऱ्याच्या मेलेल्या डोळ्यात तसं काही होत नाही."

रोहक वैद्य पुढे सरकले. "होतं खरं तसं. प्रत्येक वेळी होतं."

"मग सांगितलं का नाहीत, मामंजी?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्या बोटांना ठाऊक होतं, पोरी. मला ठाऊक आहे हे आज तुझ्या तोंडून कळलं. तुझ्या हातात सळई दिली असती आणि वर माझा हात ठेवला असता, तर तुलाही तेव्हाच कळलं असतं."

सोमिल म्हणाले, "आता हा दुसरा डोळा कर."

"नाही!" तिष्या आणि अनुला एकदमच ओरडल्या.

"ऐका तरी. पहिल्या वेळी मी धर्म म्हणून आलो होतो. आज व्यवहार म्हणून आलोय. ती सैल जागा इथं एकाच चालत्या हाताला ठाऊक आहे, आणि त्यासाठी माझा डोळा लागलाय. एवढं मोल देऊन घडलेला हात टाकून मी परक्या हाताकडे कशाला जाऊ? पारखी आहे मी."

तिष्येने स्वतः माळ्यावरून सळई काढली, स्वतः पाणी उकळले आणि नवऱ्याचे डोके दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. या वेळी रोहक बाजूला नव्हते, सुनेच्या मागे बसले होते. सळई शिरली. ते सैल होणे आले. पण अनुलेचा हात मागे आला नाही. तो तिथेच राहिला, मग हलकेच खाली वळला, आणि मोतीबिंदू पडदा सरकावा तसा सरकला.

"काही दिसतं?" तिने विचारले.

सोमिल म्हणाले, "तुझ्या नाकावर घाम आलाय. पूस आधी, डोळ्यात पडेल माझ्या."

सोमा कोष्टिणीने बोचके पुन्हा सोडले. त्यानंतर धर्मशाळेतली माणसे एकेक करून अनुलेसमोर बसली आणि आपल्या डोळ्यांनी रस्ता बघत घरी गेली. सोमिल उरलेल्या एका डोळ्याने खडे पारखत राहिले. कुणी विचारलेच, "श्रेष्ठी, तो डोळा गेला त्याचं वाईट नाही वाटत?" तर ते म्हणत, "वाईट वाटतं ना. चांगला डोळा होता. पण फुकट गेला नाही."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे वप्पक नावाचे वृद्ध भिक्खू पाय सुजून अंथरुणावर होते. उत्तिय हा नवा भिक्खू त्यांचा पाय शेकायला गेला आणि पाणी जास्त तापल्याने पाय पोळला. थोरल्या भिक्खूने त्याच्या हातातले भांडे काढून घेतले आणि यापुढे आजाऱ्याला हात लावू नकोस म्हणून बजावले. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचे रोहक वैद्य म्हणजे आज भांडे काढून घेणारा हा थोरला भिक्खू. अनुला म्हणजे उत्तिय. रत्नपारखी सोमिल तो मीच होतो. भिक्खूंनो, धनाचे दान मोठे, अन्नाचे त्याहून मोठे. पण शिकणाऱ्या हाताला आपले अंग देणे आणि तो चुकल्यावर पुन्हा देणे, ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता."

थोरल्या भिक्खूने भांडे उत्तियाला परत दिले. वप्पकांनी आधी पाण्यात स्वतःचे बोट बुडवून पाहिले, आणि मग पांघरुणातून पाय बाहेर काढला.