अपूर्ण प्रतिजन

“सांगा, अपूर्ण प्रतिजन म्हणजे काय?”

मंगळवारचा नेहमीचा तास. डॉ. जयवंत शिंत्र्यांनी वर्गाला विचारलं आणि खिशातला फोन थरथरला.

पुतण्या होता. “मोठे काका, आप्पा गेले. सकाळी छातीत दुखलं आणि... तुमच्यासाठी थांबायचं का?”

जयवंतांनी फोन ठेवला. तास पुरा केला. मग गाडी काढली, पण गावापर्यंत नेली नाही. वाटेत नदीकाठी वाळिंबे सर राहत. रोगप्रतिकारशास्त्र त्यांनीच शिकवलेलं.

सर ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

“या पाहुणे! बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात.”

जयवंत पायरीवरच थांबले.

“बस की.”

“उभाच बरा आहे... सर, धाकटा भाऊ गेला. दिगंबर.”

सरांचे हात थांबले.

“मग तू इथे काय करतोयस?”

“जावं का, हे विचारायला आलो.”

“हे विचारावं लागतं?”

“बोलणं नव्हतं आमचं. बेंदराच्या सणाला घरी गेलो होतो. पंगत बसली. माझ्या बापाच्या घरात मला बघून तो बायकोला म्हणाला, ‘पाहुण्यांना आधी वाढ.’ मी ताटावरून उठलो.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून.”

सरांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

“अपूर्ण प्रतिजन म्हणजे काय रे?”

“सर, हे मी रोज शिकवतो.”

“म्हणून तर विचारतोय. सुवर्णपदक ना तुझं?”

जयवंतांचा आवाज आपोआप वर्गातला झाला. “इतका लहान रेणू, की एकटा शिरला तर शरीर त्याची दखलही घेत नाही. मोठ्या प्रथिनाला चिकटला, की मात्र शरीर पेटून उठतं.”

“ते प्रथिन कुणाचं?”

“बहुतेकदा... आपलंच.”

“मग ‘पाहुणा’ तुझ्यात कशाला चिकटला?”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. जयवंतांनी तिकडे पाहिलं.

“वडील अंथरुणावर होते,” ते म्हणाले, “तेव्हा मी घरी गेलो नव्हतो. सगळं दिगंबरनं केलं.”

“हं... आणि एकदा पेटल्यावर?”

“मग तो लहान रेणू नुसता एकटा आला, तरी ओळखला जातो.”

सरांनी पायरीकडे बोट केलं. जयवंत अजून तिथेच उभे होते.

“मी तर ‘पाहुणे’ सहज म्हणालो होतो,” सर म्हणाले.

जयवंतांनी मान खाली घातली.

“यावर उपाय काय शिकवतोस?”

“ज्याचा त्रास होतो तेच द्यायचं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. सवय होईपर्यंत.”

“दिगंबरनं दिलं असतं. तू पुन्हा गेला असतास तर.”

फोन वाजला. “काका, लोक खोळंबलेत. आई म्हणते, काकांना एकदा विचार... उचलू का?”

जयवंतांनी सरांकडे पाहिलं. सर शेंगांकडे पाहत होते.

“उचला,” जयवंत म्हणाले.

मग ते पायरीवर बसले.

“आता जाऊन काय उपयोग, सर?”

सरांनी सूप बाजूला सारलं.

“त्या दिवशी पंगतीत तू जेवला नाहीस. आज जेवून ये.”