जोडटाक्याचं पाणी

घाटमाथ्यावर कातळात कोरलेली दोन टाकी आहेत. मधली भिंत अखंड आहे, तरी एक उपसलं की दुसऱ्यातलंही पाणी तेवढंच उतरतं. ती दाखवताना इथल्याच गावचे रखमाजी लांघी वहाणा काढून ठेवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी बंदरावरचा माल याच वाटेने वर जायचा, म्हणे. इथल्या सिवमा नावाच्या बाईचा नवरा पाथरवट होता. तो इथेच पाण्यावाचून गेला. तिने त्याची छिन्नी उचलली आणि टाकं खोदायला घेतलं.

एकदा तांड्याने तापाने फणफणलेल्या एका यवनाला, म्हणजे समुद्रापलीकडच्या ग्रीक माणसाला, वाटेतच टाकलं. त्याचं नाव दिओन. लोक देवण म्हणायचे. सिवमाने त्याला जगवलं. बरा झाल्यावर त्याने तिला मागणी घातली. तिचंही मन हललं, असं सांगतात. पण ती म्हणाली, "मी या वाटेला वाहिलेय रे."

देवण म्हणाला, "आमच्याकडे एक जुने आचार्य शिकवायचे. प्रेम एका चेहऱ्यापाशी सुरू होतं, पण तिथेच थांबायचं नाही. त्यात जे सुंदर दिसलं, ते सगळीकडे शोधत वर चढायचं."

"चढायचं म्हणजे करायचं काय?"

"ते मला अजून कळलेलं नाही."

सिवमाने त्याच्या हातात घण दिला. "मग हे धर."

गावात कुजबुज सुरू झाली. मुखियाने बजावलं, "एका टाक्यात दोघं नकोत." तेव्हा देवणाने भिंत राखून पलीकडे दुसरं टाकं धरलं. वर्षं गेली. घाव ऐकूनच तिला कळायचं, आज तो दमलाय की खुशीत आहे.

अखेर सिवमाकडे झरा फुटला. देवणाकडे कोरडंच. "यवनाच्या मनात पाप आहे," लोक म्हणाले. सिवमाने भरलेली ओंजळ ओतून दिली. "त्याच्याकडे येईल तेव्हाच मी पिईन." ओठ फुटले, जीभ सुकली, पण ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडून देवणाची हाक आली, "सिवमा, पी आता!" त्याचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते. मुखियाने मुकाट्याने त्याच टाक्यातलं पाणी घेतलं.

देवण मायदेशी गेला नाही. दोघं आपापल्या टाक्यापाशी वाटसरूंना पाणी पाजत सुखाने म्हातारी झाली.

आमच्या गावात आजही एखाद्या बाईने आणि पुरुषाने इथे एकमेकांना ओंजळभर पाणी पाजलं, की त्यांच्या नात्याचं नाव काय, हे कुणी विचारत नाही.