पडद्यावरचा पोपट

अर्ध्या गारगोटी गावाचे ब्लाऊज मालन चौगुले शिवायची आणि सगळ्या गिऱ्हाइकांची मापं तिच्या फोनमध्ये असायची. एका दुपारी फोनवर बाह्यांचे नमुने बघताना अचानक लालभडक चौकट उघडली. ‘तुमच्या फोनमध्ये तेरा व्हायरस आहेत. पाच मिनिटांत सगळं पुसलं जाईल. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ ऐन लग्नसराईत मापं गेली तर करायचं काय, या धास्तीनं तिनं नंबर लावला.

“मुख्य तपास अधिकारी बोलतोय,” पलीकडून भारदस्त आवाज आला. “मला इथून तुमचा अख्खा फोन दिसतोय, बाई. व्हायरस सगळं खात सुटलाय. आता एक ओटीपी येईल, तो सांगा.”

टेप न लावता माप सांगणाऱ्यावर मालनचा कधीच विश्वास नव्हता. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “साहेब, माझ्या फोनच्या पडद्यावर पोपटाचा फोटो लावलाय. तो तरी धड आहे का हो?”

“त्याचा एक पंख खाल्लाय, बाई. आता चोचीकडे वळलाय. लवकर करा.”

मालननं शेजारी मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

“साहेब, तिथं पोपट नाही, माझ्या सासूबाईंचा फोटो आहे. आणि त्यांना खाईल असा व्हायरस अजून जन्माला यायचाय.”

पलीकडून फोन कट झाला.

सासूबाईंनी आपल्या बाकदार नाकावरून सावकाश बोट फिरवलं.

“ते खरंय,” त्या म्हणाल्या, “पण माझ्या जागी तुला नेमका पोपटच कसा गं सुचला?”