टिपूस

“आणि आतून?” आप्पांनी विचारलं.

“आतूनही भरलं,” मास्तर म्हणाले. “बाहेरून सिलिकॉन, आतून लांबीचा लेप. छताच्या सांध्यांवर डांबर. एकेक स्क्रू काढला, भोक भरलं, परत बसवला. आता मुंगी शिरायची नाही, आप्पा.”

“आणि पाणी?”



“पाणी येतंय,” ते म्हणाले.

मास्तर, म्हणजे सदानंद मोहिते, एका फिरत्या सर्कशीचे तंबूमास्तर होते. मिरजेकडे मुक्काम पडला की कृष्णाकाठच्या या लहानशा मठात येऊन आप्पांपुढे बसायचे. पुढे सर्कस बंद पडली. तंबू गेला, खुर्च्या गेल्या, माणसं पांगली. मास्तरांनी फक्त आपला डबा मागून घेतला.

डबा म्हणजे ट्रकमागे जोडून न्यायची चाकांवरची राहती खोली. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, मध्ये पोकळी. मठामागच्या चिंचेखाली तो उभा होता आणि मास्तर त्यातच राहायचे.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. आप्पाही म्हणत, पण आप्पांच्या तोंडी त्या शब्दात एक बारीकसा चिमटा असे.

“तंबू कधी गळला होता का रे तुझा, मास्तर?”

“माझा तंबू?” मास्तरांची मान ताठ झाली. “कोकणातला पाऊस झेललाय त्यानं. आत टिपूस आलं नाही कधी. कापडाला भोक दिसलं की माझे हात शिवशिवायचे. अजून शिवशिवतात.”

“मग हा डबा का ओला?”

“तेच तर विचारायला आलो.”

“मला काय कळतंय त्यातलं! माझ्याच मठाचं छप्पर गळतंय.” आप्पा काठी टेकत उठले. “चल, बघू तरी.”

श्रावण सरत आला होता. पाऊस उघडला होता, पण चिंच अजून ठिबकत होती.

डब्यात एक बाक होता, एक स्टोव्ह, आणि भिंतीला एक आरसा. आरशाभोवती प्लायवूडवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. लाल, मरून, हिरव्या, काही चमकीच्या.

मास्तरांच्या पत्नी, शालनबाई, झुल्यावर काम करायच्या. खेळ संपला की तोंडावरचा रंग पुसायच्या, कपाळाची टिकली काढायच्या आणि आरशाशेजारी लावून ठेवायच्या. नवी टिकली लागली तरी जुनी टाकून देत नसत.

आरशाच्या खाली मात्र टिकल्या नव्हत्या. टिकल्यांचे नुसते गोल ठसे होते आणि लाकूड फुगून वर आलं होतं.

“पडतात,” मास्तर म्हणाले. “सकाळी उठावं तर बाकावर एखादी पडलेली. मी परत चिकटवतो. परत पडते.”

आरशाच्या कडेला एक मरून टिकली होती. मास्तरांनी तिच्याकडे बोट केलं, पण तिला हात लावला नाही.

“ही तिची शेवटची. ओल खालून वर चढतेय, आप्पा. बोटभर अंतर राहिलंय.”

आप्पांनी भिंतीला तळवा लावला. बराच वेळ तो तिथंच ठेवला.

“गार पडलीय.”

“तिला ताप होता,” मास्तर एकदम म्हणाले. “अंग नुसतं भाजत होतं. इथंच, या बाकावर.”

आप्पांनी भिंतीवरचा तळवा काढून घेतला.

“जत्रेतला मुक्काम होता. सकाळी गेली. दुपारी तिला पोचवून आलो. संध्याकाळचा खेळ होता, आणि आभाळ आलेलं. मालक म्हणाले, मास्तर, आज खेळ नको. मी म्हटलं, होणार. सगळे दोर मी ओढले, आप्पा. मेखा मी ठोकल्या. मुसळधार पडला. पण तंबूत...”

“टिपूस नाही.”

“टिपूस नाही.” मास्तरांनी मान हलवली. “जोकरं रडत होती, रंग ओघळत होता त्यांचा. मी त्यांना दटावलं. सगळे म्हणत होते, मास्तरांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. छाती आहे माणसाची.”

“आणि मग?”

“मग काय? पुढचा मुक्काम.”

आप्पा हळूच पायरी उतरले. बाहेरून डब्याला वळसा घालू लागले. मास्तर मागोमाग, कुठे काय भरलं ते दाखवत. काम खरोखर नेटकं होतं. सांधा न् सांधा बोटानं गुळगुळीत केलेला.

आरसा होता त्या बाजूला आल्यावर आप्पा थांबले. वाकले. पत्र्याच्या अगदी खालच्या कडेला, चाकाच्या अलीकडे पलीकडे, सिलिकॉनचे छोटे गोळे ओळीनं बसले होते.

“हे काय?”

“भोकं होती. डबा बांधताना मिस्त्रीकडून राहून गेलेली. मी बुजवली.”

“एवढीच?”

“नाही, चारही बाजूंना.”

“अशीच ओळीनं?”

“हो.”

“सारख्या अंतरावर?”

“...हो.”

“भलताच नेमका चुकला की रे तुझा मिस्त्री.”

मास्तर हसले नाहीत. “आप्पा, भोक म्हणजे भोक. त्यातनं पाणी आत येतं.”

“आणि आत आलेलं?”

“आत यायलाच नको ना!”

“नको खरं. पण आलं. मग ते जातं कुठं?”

चिंचेवरून डब्याच्या छतावर थेंब पडत होते.

आप्पांच्या करदोट्याला एक पितळी कानकोरणं अडकवलेलं असे. ते त्यांनी काढलं, धोतराला पुसलं, आणि उकिडवे बसून एका गोळ्यात खुपसलं. फिरवलं. गोळा निघून मातीत पडला.

आधी काहीच झालं नाही.

मग गंजाच्या रंगाचं एक टिपूस कडेला आलं, लोंबकळलं, पडलं. त्यामागून दुसरं. आणि मग धारच लागली. कुजल्या लाकडाचा वास सुटला.

“आप्पा! अहो, हे काय केलंत!”

मास्तर गुडघ्यांवर आले आणि त्यांनी भोकावर अंगठा दाबला. हात विचार करून गेला नव्हता, आपसूक गेला होता. धार थांबली.

आप्पांनी त्यांचा हात धरला नाही. कानकोरणं पुसून पुन्हा करदोट्याला अडकवलं.

“एवढं साठलं होतं?” मास्तर म्हणाले. आवाज खाली गेला होता. “मी तर सगळीकडून...”

“सगळीकडून.”

“भिंत सुकली तर टिकल्या राहतील ना, आप्पा?”

“काही राहतील. काही पडतील.”

“आणि ती मरून?”



अंगठ्याच्या कडेनं वाट काढत पाणी मास्तरांच्या मनगटावर आलं. तिथून कोपरापर्यंत गेलं. सदऱ्याची बाही तांबूस झाली. त्यांनी अंगठा आणखी जोरात दाबला. नख पांढरं पडलं. खांदे हलू लागले, पण तोंडातून आवाज येत नव्हता. दात घट्ट आवळलेले होते.

आप्पा काठी बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी, ओल्या मातीत बसले.

“अंगठा काढ, बाळा,” आप्पा म्हणाले.