राणी कुवलयेची पावलं

एका राज्यात संध्याकाळी सुकलेलं फूल कुणाच्या दृष्टीस पडत नसे. दिवेलागणीच्या आत माळी कात्र्या घेऊन बागेत शिरत आणि कोमेजलेलं फूल देठासकट उडवत. राजा हेमकेतूची तशी आज्ञाच होती. देखणेपणाचं भारी वेड हो त्या राजाला! राणी कुवलया मात्र आदल्या दिवशीचा गजरा उशाखाली लपवून ठेवी. राजा तिला हसे, ती राजाला हसे. किती साधे, किती सुखाचे दिवस होते ते!

एके दिवशी भस्मनाथ मांत्रिक दरबारात आला. गळ्यात त्याच्या आईनं मरणाआधी ओवलेली माळ होती, पार वाळून गेलेली. द्वारपालांनी आज्ञेप्रमाणे ती तोडून फेकली. राजानं ते पाहिलं, पण त्यांना अडवलं नाही. मांत्रिकानं मुठीतली राख फुंकली. राजाशेजारची राणी दिसेनाशी झाली आणि बागेच्या पार टोकाला, भर उन्हात, लांबट पात्यांचं एक रोप उभं राहिलं.

"ही तुझी राणी," मांत्रिक म्हणाला. "हिला उपटलं वा उचललं, तर राख होईल. आपल्या पावलांनी महालाचा उंबरठा ओलांडेल, तेव्हा माणूस होईल."

"रोपाला पावलं कुठली?"

"आहेत. पण तुझ्या राज्यात ती टिकायची नाहीत."

एवढं बोलून मांत्रिक चालता झाला.

राजा रोपापाशी बसून राहू लागला. उन्हानं पात्यांची टोकं करपली. तेव्हा जवळच्या जाळीतून एक भारद्वाज बाहेर आला आणि माणसासारखं बोलला.

"महाराज, तीन गोष्टी द्याल, तर राणी घरी येईल. पहिली, तुमचं छत्र. हिला कोवळं ऊन चालतं, दुपारचं सोसत नाही."

राजानं डोक्यावरचं छत्र काढून रोपावर रोवलं. माती ओलसर राखली, पण पाणी तुंबू दिलं नाही. पाती हिरवीगार झाली आणि एका सकाळी फूल उमललं. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध निळे कुरळे तुरे, आणि वास असा की राजाला लग्नाचा मांडव आठवला. संध्याकाळी फूल मिटून मलूल झालं. राणीची शोभा जाऊ नये म्हणून राजानं स्वतःच्या हातानं देठ कापला.

"महाराज!" भारद्वाज ओरडला. "पाऊल कापलंत तुम्ही!"

राजाच्या हातून कात्री गळून पडली.

"फूल गेलं की देठाच्या टोकाला बाळरोप धरतं," पक्षी म्हणाला. "त्याच्या भारानं देठ वाकतो, भुईला टेकतो, तिथं मूळ धरतो. हेच तिचं चालणं. दुसरी गोष्ट द्या, तुमची आज्ञा."

राजानं भर दरबारात आज्ञा मागे घेतली आणि भस्मनाथाला निरोप धाडला, 'माझं चुकलं.' मांत्रिकाचं उत्तर आलं नाही. पण त्या वर्षी लोकांनी आपल्या फुलझाडांना बी धरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या बहराला देठ वाकला, टेकला, रुजला. राणीचं एक पाऊल पडलं. मग दुसरं. वर्षांमागून वर्षं गेली. राणी पुढे सरके, तसं राजा छत्र पुढे नेई आणि तिला मागच्या गोष्टी सांगत बसे. नौकाविहारात ती कशी घाबरली होती, वगैरे. त्याचे केस पांढरे झाले. राज्यात पुन्हा लग्न करण्याच्या गोष्टी निघाल्या, त्या त्यानं ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या.

शेवटी रोप उंबरठ्याशी आलं. आत सगळा दगड. कुंडी ठेवावी, तर मांत्रिकाच्या मंत्रानं तडकन फुटे.

"तिसरी गोष्ट, मुकुट," भारद्वाज म्हणाला.

राजानं मुकुट उलटा करून त्यात पालापाचोळ्याची माती भरली.

"पाणी जायला वाट नाही. मूळ कुजेल."

राजानं शेंड्याचा हिरा उपटून काढला, भोक पाडलं आणि मुकुट उंबरठ्याच्या आत ठेवला. देठ वाकला, मुकुटात टेकला, रुजला. तरी राणी काही उभी राहीना.

"आता मागचा देठ कापा. त्यानंच तिला उंबरठ्याबाहेर धरून ठेवलंय."

राजानं पुढे केलेली कात्री मागे घेतली. "पुन्हा पाऊल कापलं तर?"

"हलकेच हलवून पाहा. मातीनं धरलं असेल, तर भिऊ नका."

राजानं बोट लावलं. रोप जागचं हललं नाही. राजानं डोळे मिटले आणि देठ कापला.

डोळे उघडले, तेव्हा समोर कुवलया उभी होती, घोट्यापर्यंत मातीत माखलेली. तिच्याही केसांत चांदी होती. तिनं राजाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"महाराज, किती रोडावलात! वेळेवर जेवत नव्हतात ना?"

राजाला हुंदका आवरेना. दरबारी पाहत होते, पण त्याला कशाचीच पर्वा नव्हती. राणीनं हाताला धरून त्याला मुदपाकखान्यात नेलं, पाट मांडला, गरम भात वाढला, वर तूप घातलं. राजा ताटाला हात लावीना.

"आता काय झालं?" राणीनं विचारलं.

"तू बस आधी," राजा म्हणाला.

राणी शेजारच्या पाटावर बसली, तेव्हा कुठं राजानं घास घेतला.