आधी मेण, मग कुंकू

"पण आक्का, धार पुरेशी झाली हे कळायचं कसं?" शलाकानं विचारलं.

आक्का चहात टोस्ट बुडवत होत्या, आणि टोस्ट तुटून कपात पडायच्या आत तोंडात जायला हवा होता.

स्वयंपाकघराच्या मधोमध दोन स्टुलांवर शलाकाचा स्नोबोर्ड उपडा पडला होता. गेला आठवडाभर घर त्याच्या कडेकडेनं चालत होतं. भाजी जमिनीवर बसून चिरायची, आणि छोट्या लेकीला, जुईला, शेगडीपाशी जाऊ द्यायचं नाही, बोर्डापाशी तर मुळीच नाही. सकाळी रणधीर डबा घ्यायला बोर्डाखालून रांगत गेला, रांगतच परत आला, आणि एक अक्षर न बोलता धरण प्रकल्पाच्या जीपमध्ये जाऊन बसला. नवरा शहाणा होता.

मनालीच्या वरचं हे गाव. सुमित्रा खानविलकर मूळच्या चिपळूणच्या. तरुणपणी गिर्यारोहणाच्या शिबिराला म्हणून इथं आल्या आणि परत गेल्याच नाहीत. गावातली सगळी पोरं त्यांच्याकडे बर्फावर उभं राहायला शिकली. त्यांना सगळे आक्का म्हणत, सरपंचसुद्धा.

आज त्यांच्या बर्फावरच्या शाळेचा यंदाचा पहिला दिवस होता. आक्कांचे गुडघे आता लहानांच्या वर्गामागे धावायला तयार नव्हते. त्यांनी शलाकाला सांगून ठेवलं होतं : मोठ्या उतारावरून न थांबता खाली आलीस, तर लहान पोरं तुझ्या हाती देते. नाही आलीस, तर यंदा लहानांचा वर्ग नाही.

शलाकाला तो वर्ग हवा होता. इतका हवा होता, की तसं मोठ्यानं म्हणायचीही तिला भीती वाटत होती.

"अंगठ्याचं नख फिरवून बघतात," शलाकानंच उत्तर देऊन टाकलं. "नखाचा भुगा निघाला की धार आली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलंय. कुठंही बघा."

आवाजात थोडा तोरा होता. ती साताऱ्याची, शिकलेली, आणि या विषयावरचे सगळे व्हिडिओ पाहून झालेली. तळ सरसर घसरावा म्हणून कोणत्या थंडीला कोणतं मेण, कडेला कानस कोणत्या कोनात, मेण वितळवायची इस्त्री किती गरम... झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. झोप लागत असती, तर.

आक्कांनी कप ठेवला. वाकून पोलादी कडेवरून नख फिरवलं.

"छान आहे."

शलाका सुखावली.

आक्कांनी पिशवीतून कुरुंदाचा दगड काढला आणि बोर्डाच्या पुढच्या टोकाची धार घासून मारून टाकायला सुरुवात केली.

"आक्का, बोथट करताय तुम्ही."

"हो."

"दोन दिवस घालवलेत मी त्यावर."

"दिसतंय की." आता आक्का मागच्या टोकाकडे वळल्या. "मागच्या वर्षी मोठ्या उताराच्या त्या वळणावर पडलीस, ती कशानं?"

शलाकानं जुईकडे पाहिलं. जुई भिंतीला पाठ लावून चमच्यानं रिकामी वाटी वाजवत होती.

"धार कमी पडली म्हणून."

"कोण म्हणालं?"

"मीच."

"पुढचं टोक अडकलं म्हणून पडलीस. बर्फाला आधी जे भेटतं, त्याला धार नसावी, बाई." आक्कांनी टोकावरून तळहात फिरवला. तो कापला गेला नाही. "मधे असू दे, पायाखाली. तिथं हवीच."

शलाकानं त्या टोकावरून नख फिरवून पाहिलं; भुगा निघाला नाही.

"रणधीर काय म्हणतो?"

"कशाबद्दल?"

"तुझ्याबद्दल."

"म्हणतो, दार उघडायच्या आत चावतेस."

आक्का हसल्या नाहीत. दगड पिशवीत गेला.

शलाका मागच्या वर्षी पडली, तेव्हा तिला काही लागलं नव्हतं. नुसती पाठीवर आडवी झाली होती. पण वरचं आभाळ बघता बघता तिच्या मनात आलं : मला काही झालं असतं तर जुईला रात्री कुणी झोपवलं असतं? तेव्हापासून ती मोठ्या उतारावर जायची, वरती उभी राहायची, आणि बोर्ड काखेत मारून चालत खाली यायची. कुणी विचारलं तर सांगायची, मेण नीट बसलं नव्हतं.

मग घरी येऊन आणखी मेण लावायची.

"हे काय?" आक्कांनी तळाच्या मधोमध बोट ठेवलं.

बाकी सगळं मेण खरवडून, ब्रश मारून, तळ आरशासारखा झाला होता. पण मधे तळहाताएवढा जाड थर तसाच होता. त्याच्याखाली काहीतरी लाल पसरलेलं दिसत होतं.

"ते... खंडेनवमीला पूजा केली होती बोर्डाची. आमच्याकडे विळी-कोयत्याबरोबर सगळंच पूजतात. कुंकू लावलं होतं."

"मग?"

"मग मेण लावायची वेळ आली. कुंकू पुसायचं कसं? बरं वाटेना." शलाकानं पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात केला. "म्हणून त्यावरूनच मेण दिलं. इस्त्री अलगद फिरवली. तेवढी जागा खरवडली नाही."

हे बोलताना तिचं तिलाच कळत होतं, की इंजिनिअरिंगच्या पदवीला हे शोभत नाही. पण बोलून झालं होतं.

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. मग डागाकडे. मग परत तिच्याकडे.

"उलटं केलंस की गं."

"काय उलटं?"

"माझी आई रोज सकाळी मेणाची डबी उघडायची. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. मेणावर कुंकू टिकतं. कुंकवावर मेण थापलं, तर ना कुंकू दिसतं, ना मेण कामाला येतं." त्यांनी प्लास्टिकची खरवडायची पट्टी शलाकापुढे धरली. "या थराला बर्फ धरून बसेल. काढ."

"आक्का, त्याबरोबर कुंकू निघेल."

"निघेल."

"आजच्या दिवशी?"

"आजच."

शलाकानं पट्टी हातात घेतली. तळावर टेकवली. तिथंच थांबली.

वाटी वाजायची बंद झाली होती. जुई बघत होती.

"नवमीला हत्यार खाली ठेवतात," आक्का म्हणाल्या. "दसऱ्याला काय करतात?"

"...उचलतात."

"दसरा होऊन संक्रांत यायला झाली."

शलाकानं दोन्ही हातांनी जोर दिला. पट्टी कुरकुरली, आणि मेणाची गुलाबी साल गुंडाळत वर आली. दुसऱ्या वेळी आणखी निघाली. तिसऱ्या वेळी खालचा काळा तळ स्वच्छ दिसायला लागला. तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. हातांना मात्र छान वाटत होतं, जुनी खपली आपोआप सुटावी तसं.

आक्कांनी ती गुलाबी साल उचलली. शेगडीपाशी धरून बोटांत मऊ केली. बारीक गोळी वळली.

"इकडे ये."

आणि ती गोळी त्यांनी शलाकाच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधे, अंगठ्यानं दाबून बसवली. देव्हाऱ्यातला करंडा घेऊन वर कुंकवाचं बोट टेकलं.

"बोर्ड कुठं जायचाय एकटा," त्या म्हणाल्या. "चल."

उतारावर ऊन चांगलं पडलं होतं. खाली लहान पोरं ओळीनं बसून एकमेकांच्या बुटांच्या नाड्या ओढत होती. जुई आक्कांच्या कडेवर होती आणि आक्कांची कानटोपी काढायचा प्रयत्न करत होती.

शलाका वर पोहोचली. पट्टे आवळले. सवयीनं मनात आलं : मेण नीट बसलंय ना?

मेण बसलं होतं. ते कपाळावर होतं, थंडीनं घट्ट झालेलं, आणि भुवया उंचावल्या की जाणवत होतं.

ती निघाली.

बोर्ड असा सुटला, की पहिल्या क्षणी तिला वाटलं आपण काहीतरी मागेच विसरलो. कानात वारा भरला. तो वळणाचा कडक, निळसर बर्फ समोर आला. तिचे गुडघे आपोआप वाकले, बोथट टोक बर्फाला हळूच शिवून पुढे गेलं, आणि मग पायाखालच्या धारेनं घट्ट चावा घेतला. बर्फाचा पंखा उडाला. वळण मागे पडलं. पुढचंही.

मधेच कुठंतरी ती हसायला लागली. एकटीच, मोठ्यानं, दात गार पडेपर्यंत.

सगळ्या ओळीसमोर तिनं बोर्ड आडवा घालून थांबवला. पोरांच्या अंगावर बर्फ उडाला. पोरांनी आरडाओरडा केला, आणि त्यातल्या एकीनं 'फिरसे, फिरसे' म्हणून टाळ्या वाजवल्या.

शलाकाला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी ती बोललीच.

"कुठंही थांबले नाही, आक्का."

"नाही."

"त्या वळणावरही नाही."

"पाहिलं मी."

"म्हणजे लहान पोरं माझी?"

"तुझी."

शलाकानं जुईला घ्यायला हात पसरले. गाल लाल झाले होते आणि मान ताठ होती. एवढी ताठ मान तिची तिलाच ओळखू येईना.

"एकदाही पडले नाही," ती पोरांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

आक्कांनी जुईला दिलं नाही. उलट तिला दुसऱ्या कडेवर नीट बसवलं, बर्फावर बसलेल्या त्या सगळ्या ओळीकडे एकदा पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या,

"आता यांना पडून दाखव."