मेलेल्या राजाचं नाणं

“मग हे खोटंच ना, तात्या?”

श्रीधरपंत उकिडव्यांनी चांदीची दोन नाणी पुढं सरकवली. दोन्हींवर सिकंदराचं नाव. एक तो जिवंत असताना पाडलेलं, दुसरं तो मेल्यावर शंभर वर्षांनी, कुठल्या तरी परक्या गावी. पंतांना आपल्या संग्रहाचा तोरा किती म्हणून सांगावा! त्यात हे दुसरं त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं.

तात्या पोतदार मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होते. जन्मभर नाणी पारखली आणि म्हातारपणी सगळं सोडून इथं येऊन बसले. पंत त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

“चांदी कशी आहे?”

“चांदी अस्सल आहे हो. पण चेहरा बघा की! नाक पहिल्यासारखं नाही, डोळे पहिल्यासारखे नाहीत...”

“चांदी बिचारी काय करणार? ज्याच्या नावाचा ठसा बसला, त्याचं नाव सांगत फिरते.”

पंत हिरमुसले.

“घरी इंदिरा कशी आहे?” तात्यांनी विचारलं.

“कोणती?”

बोलून गेले आणि पंतांनी जीभ चावली. पहिली इंदिरा जाऊन दहा वर्षं झाली होती. दुसरीशी लग्न लागलं, तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिताना त्यांनी तेच लिहिलं होतं. पुढं तिची आमटीसुद्धा पहिलीच्या आमटीशी ताडून पाहिली.

“अंथरुणाला खिळलीय, तात्या. डॉक्टरांनी हात टेकले. काल म्हणाली, एकदा मला माझ्या नावानं हाक मारा...”

“मारलीस?”

“मी म्हटलं, इंदिरे... तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.”

तात्यांनी ताटातले तांदूळ हातानं सारखे केले आणि ताट पंतांपुढं ठेवलं.

“तिचं माहेरचं नाव लिही.”

पंतांनी तांदळांत बोट टेकवलं...

बोट तिथंच राहिलं. लग्नपत्रिकेत ते नाव छापलं होतं. सासरे त्याच नावानं हाक मारायचे. गोदा? गंगू? छे!

“आठवत नाही, तात्या...”

पंतांचे डोळे भरून आले. आठ वर्षं एका घरात काढली होती, आणि साधं नाव आठवू नये!

तात्या उठले. कोपऱ्यातली पंतांची छत्री आणून त्यांनी त्यांच्या हातात दिली. नाणी तिथंच पडली होती.

“पळ, श्रीधर. सांगायला ती आहे अजून.”